रक्ततपासणीवरून स्टेंटचे भवितव्य कळते का?

अँजिओप्लास्टी करून स्टेंट बसवला की ‘ब्लॉकेज’ कायमचे गेले, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात स्टेंट बसवताना धमनीच्या आतल्या अस्तराला इजा होते. ती भरून येताना पेशी गरजेपेक्षा जास्त वाढल्या, तर धमनी त्याच जागी पुन्हा अरुंद होते. साध्या धातूच्या स्टेंटमध्ये हे साधारण २० ते ३० टक्के रुग्णांत घडत असे. औषधाचा लेप असलेल्या स्टेंटमुळे हे प्रमाण बरेच घटले. धोका मात्र संपलेला नाही.

हा धोका रक्तातून आधी ओळखता येईल का? शरीरातील दाह दाखवणारे सीआरपी, तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी आणि लायपोप्रोटीन-ए यांचा त्याच्याशी संबंध काही अभ्यासांत दिसला आहे. पण सीआरपी साध्या संसर्गानेही वाढते. अमुक रुग्णाचा स्टेंट अरुंद होईलच, किंवा होणारच नाही, असे खात्रीने सांगणारी रक्ततपासणी आज नाही.

म्हणून अहवाल ‘नॉर्मल’ आला तरी रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये. तसे केल्यास स्टेंटमध्ये अचानक गुठळी होऊन हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. साखर आणि कोलेस्टेरॉलच्या तपासण्या नियमित कराव्यात, कारण ती आटोक्यात ठेवता येतात. तंबाखू, विडी-सिगारेट सोडावी. चालताना छातीत दडपण आले किंवा पूर्वीपेक्षा लवकर धाप लागू लागली, तर पुढच्या अहवालाची वाट न पाहता डॉक्टरांना गाठावे.