न फुटलेल्या बॉम्बजवळची माणसं

१९४० च्या सप्टेंबरात लंडनवर रात्रीमागून रात्र बॉम्ब पडू लागले, तेव्हा प्रशासनाला सगळ्यात जास्त छळलं ते न फुटलेल्या बॉम्बनी. फुटलेल्या बॉम्बचा हिशेब सकाळी करता येतो. इतकी घरं पडली, इतकी माणसं गेली. ढिगारा उपसायचा आणि पुढे जायचं. पण रेल्वेमार्गाशेजारी वीस फूट खोल रुतून बसलेला पाव टनाचा बॉम्ब गाड्या थांबवतो, कारखाना बंद पाडतो, आळीच्या आळी रिकामी करतो. तो बिघडल्यामुळे फुटला नाही की अजून त्याची वेळ व्हायची आहे, हे वर उभ्या असलेल्या कुणालाच ठाऊक नसतं. जर्मन विमानदलाने हे बरोबर ओळखलं होतं. त्यांचे काही बॉम्ब मुद्दाम उशिरा फुटण्यासाठीच बनवलेले असत.

बॉम्ब निकामी करणाऱ्याचं खरं भांडण फ्यूजशी असतं. आतली दारू एरवी बऱ्यापैकी सहनशील असते. तिला जागं करतो तो फ्यूज. जर्मन फ्यूजच्या टोपीवर वर्तुळात एक आकडा कोरलेला असे. १५ म्हणजे आदळताच फुटणारा विजेचा फ्यूज. १७ म्हणजे आत घड्याळ. ते बहात्तर तासांपर्यंत लावता येई. ५० म्हणजे हलवलं की फुटणारा. १७ आणि ५० एकाच बॉम्बमध्ये बसवले, की सापळा पुरा झाला: थांबलात तर घड्याळ मारणार, घाई केलीत तर हात लागताच उडणार. यावरही कडी म्हणून फ्यूजच्या खाली आणखी एक कळ बसवली गेली. फ्यूज वर ओढला की ती सुटे. ही कळ प्रथम हाती लागली ती स्टुअर्ट आर्चर या पेशाने वास्तुविशारद असलेल्या इंजिनियर अधिकाऱ्याच्या. सप्टेंबर १९४० मध्ये स्वान्सीजवळच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात आसपास टाक्या जळत असताना त्याने फ्यूजची अख्खी नळीच उपटून बाहेर काढली आणि तिच्या तळाशी काय दडलंय ते पाहिलं. आर्चर २०१५ मध्ये शंभर वर्षांचा होऊन वारला. या धंद्यात असं वय दुर्मीळच.

त्यानंतर दोन्ही बाजूंची चढाओढ चालू झाली. घड्याळ थांबवायला बलदंड चुंबक आले. टीएनटी ऐंशी अंश सेल्सियसला वितळतं, म्हणून बॉम्बच्या कवचाला भोक पाडून आत वाफ सोडायची आणि दारू पातळ करून काढून घ्यायची, ही युक्ती निघाली. मग १९४३ च्या जानेवारीत एक फ्यूज आला तो थेट निकामी करणाऱ्यालाच मारण्यासाठी रचलेला होता. आत छोट्या बॅटऱ्या आणि पाऱ्याच्या कळा. बॉम्ब जरा कलला की संपलं. मेजर जॉन हडसन या फळबागशास्त्रज्ञाने फ्यूजभोवती मातीचं आळं केलं आणि त्यात द्रवरूप ऑक्सिजन ओतत राहिला. बॅटऱ्या इतक्या गारठल्या, की त्यांच्यातून वीज येईना. सिनेमात लाल तार कापायची की निळी, यावर घाम फुटतो. प्रत्यक्षात घाम फुटतो तो आळ्यातला ऑक्सिजन पुरेल का, या हिशेबाने.

मला या कामातलं धाडस नेमकं कुठे आहे, याचा विचार करताना तो प्रसिद्ध क्षण अपुरा वाटतो. बॉम्बवर वाकलेला एक अधिकारी, बाकी सगळे लांब, हे चित्र खरं आहे. पण त्या आधी कुणीतरी दिवसच्या दिवस खणलेलं असतं. सेंट पॉल कॅथेड्रलशेजारी सप्टेंबर १९४० मध्ये घुसलेला टनभर वजनाचा बॉम्ब काढायला तीन दिवस लागले, तोही गॅसची नळी फुटलेल्या जागी. लेफ्टनंट रॉबर्ट डेव्हिस आणि सॅपर (लष्करी इंजिनियर दलातला शिपाई) जॉर्ज वायली यांना त्यासाठी जॉर्ज क्रॉस मिळाला. हे पदक तेव्हा नुकतंच, त्याच सप्टेंबरात, सुरू झालं होतं. त्याची गरजही अशा कामांमुळेच जाणवली होती. व्हिक्टोरिया क्रॉस शत्रूसमोर दाखवलेल्या शौर्यासाठी, आणि खड्ड्यात शत्रू समोर नसतो. तो बॉम्ब टाकून केव्हाच परत गेलेला असतो. डेव्हिसवर पुढे १९४२ मध्ये पैशांच्या अफरातफरीसाठी लष्करी खटला चालला आणि तो तुरुंगात गेला. शूर माणूस सगळ्याच बाबतींत सज्जन असतो, अशी आपली भाबडी समजूत असते, म्हणून हे सांगितलं. खणणाऱ्यांमध्ये आणखी एक गट होता. शस्त्र हाती धरायला नकार देणाऱ्या, युद्धविरोधी शेकडो तरुणांनी स्वेच्छेने हे काम मागून घेतलं. त्यांच्या वाट्याला फावडी आली आणि बॉम्बची तीच जवळीक.

अर्ल ऑफ सफकची गोष्ट तर कादंबरीला शोभेल. १९४० मध्ये फ्रान्स पडत असताना तिथलं जड पाणी बोटीने इंग्लंडला आणणारा हा उमराव, नंतर बॉम्ब उघडून त्यांचा अभ्यास करू लागला. तो लष्करात नव्हता. सोबत चिटणीस आयलीन मॉर्डन आणि मोटारचालक फ्रेड हार्ड्‌स. आपण काय करतोय ते अर्ल बोलत जाई आणि मॉर्डन जवळ उभी राहून टिपून घेई. हेतू साधा होता: स्फोट झालाच, तर कोणत्या पायरीवर झाला हे पुढच्या माणसाला कळावं. चौतीस बॉम्ब असे उघडले गेले. १२ मे १९४१ ला एरिथच्या पाणथळ मैदानावर पस्तिसावा फुटला आणि तिघांसोबत तिथले सॅपर्सही गेले. अर्लला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला. तेवढ्याच अंतरावर उभ्या असलेल्या मॉर्डनला आणि हार्ड्‌सला राजाचं प्रशस्तिपत्र. पदकांची ही उतरंड मला आजही पटत नाही.

आपल्याकडे या कामाचा धागा खडकीला पोचतो. तिथल्या बॉम्बे सॅपर्सच्या २१ फील्ड कंपनीतला सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत १९४१ च्या सुरुवातीला सुदान-अ‍ॅबिसिनियाच्या सीमेवर होता. तिथलं मेटेम्मा हे ठाणं पडल्यावर माघार घेणाऱ्या इटालियन फौजेने रस्ताभर सुरुंग पेरले होते. भगतने सगळ्यात पुढच्या कॅरियरमध्ये बसून चार दिवसांत पंचावन्न मैल रस्ता मोकळा केला, पंधरा सुरुंगक्षेत्रं शोधली. त्याची गाडी दोनदा उडाली, सोबतची माणसं जखमी झाली, मारली गेली. तिसऱ्यांदा दबा धरलेल्या शत्रूने गोळीबार केला. कानाचा पडदा फाटला. बदली माणूस देऊ केला, तर भगतने नकार दिला आणि कारण दिलं, की आता हे काम आपल्यालाच जास्त चांगलं कळतं. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दुसऱ्या महायुद्धात तो मिळवणारा हा पहिला भारतीय अधिकारी. मद्रास सॅपर्सचे सुभेदार सुब्रमण्यम यांनी २४ फेब्रुवारी १९४४ ला इटलीत मिन्यानोजवळ सुरुंग काढताना, फुटू घातलेल्या सुरुंगावर अंग झोकून सोबत्यांना वाचवलं आणि ते गेले. त्यांना जॉर्ज क्रॉस. काम एकच, सुरुंगही एकाच फळीच्या शत्रूंनी पेरलेले. एकाच्या समोर गोळ्या झाडणारा शत्रू होता, दुसऱ्याच्या नव्हता, एवढंच अंतर.

भगतच्या त्या नकाराचं कौतुक करताना मी मात्र थोडा अडखळतो. थकवा हा या कामातला सर्वांत लबाड शत्रू. शंभराव्या बॉम्बपाशी हात पहिल्या बॉम्बइतके घाबरत नाहीत, आणि तिथेच धोका असतो. ब्रिटिश स्टाफ सार्जंट ओलाफ श्मिड अफगाणिस्तानातल्या संगीनमध्ये पाच महिन्यांत सत्तर बॉम्ब हाताळून ३१ ऑक्टोबर २००९ ला मारला गेला. दुसऱ्या दिवशी तो तिथून निघणार होता.

पठाणकोट हवाई तळावर ३ जानेवारी २०१६ ला लेफ्टनंट कर्नल निरंजन ई. के. गेले, ते मेलेल्या दहशतवाद्याच्या प्रेताजवळ. प्रेताशी लपवलेला ग्रेनेड फुटला. मूळचे मद्रास इंजिनियर ग्रुपचे निरंजन राष्ट्रीय सुरक्षा दलाच्या बॉम्बनाशक पथकात होते. त्यांना मरणोत्तर शौर्य चक्र मिळालं. प्रेत आधी आकडा आणि दोर लावून लांबून ओढायचं, हा या पेशातला जुना नियम. त्या सकाळी तिथे कोणती घाई होती, कुठे चकमक चालू होती, हे वर्तमानपत्र वाचून ठरवणं सोपं नाही. मी तरी ते ठरवत नाही.

माणसाला लांब ठेवायचा पहिला यशस्वी उपाय उत्तर आयर्लंडमध्ये निघाला. १९७२ मध्ये लेफ्टनंट कर्नल पीटर मिलर यांनी बागेतल्या विजेच्या हातगाडीच्या सांगाड्यावर एक यंत्र उभं केलं; त्याचं नावच ‘व्हीलबॅरो’ पडलं. पुढे त्याच्यावर पाण्याचा वेगवान फवारा मारणारी नळी बसली. हा फवारा बॉम्बच्या तारा आणि बॅटरी इतक्या झटकन विस्कटतो, की विजेचं मंडळ पुरं व्हायला वेळच मिळत नाही. भारताचा असा रोबो म्हणजे ‘दक्ष’, पुण्याजवळ दिघीच्या संशोधन संस्थेत, डीआरडीओने बनवलेला. तो जिने चढतो, क्ष-किरणांनी आतलं पाहतो, संशयास्पद वस्तू उचलून दूर नेतो. सैन्यातल्या इंजिनियरांचं प्रशिक्षणही दापोडीला, लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयात होतं. म्हणजे हा विषय पुण्याला लांबचा नाही.

तरीही शेवटी माणूस जातोच. अरुंद नाल्यात, चिखलात, ढिगाऱ्यात यंत्र अडतं. अंगावर चढवायचा सूट पस्तीस-चाळीस किलोंचा. तो छोट्या स्फोटाच्या कपच्या आणि धक्का सोसतो. मोठ्या बॉम्बच्या उशाशी त्याचा उपयोग एवढाच, की माणूस घामाने निथळतो.

आणि काळ हा काही बॉम्ब निकामी करत नाही. जर्मनीतल्या ग्योटिंगनमध्ये १ जून २०१० ला महायुद्धातला एक बॉम्ब काढण्याच्या तयारीत असताना तीन अनुभवी कर्मचारी मेले. असे दीर्घ मुदतीचे दोस्त राष्ट्रांचे बॉम्ब अ‍ॅसिटोनने सेल्युलॉइडची चकती विरघळवून फुटत. ती न विरघळलेली चकती साठ-सत्तर वर्षांत आपोआप ठिसूळ होत जाते. म्हणजे बॉम्ब जितका जुना, तितका लहरी.

आपल्याकडचा जुना-नवा बराच दारूगोळा वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावला जमतो. ३० मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर तिथल्या केंद्रीय दारूगोळा भांडारात आग लागली. आग विझवायला धावलेले जवान, अग्निशमन कर्मचारी आणि दोन अधिकारी गेले; चौकशीचा रोख टीएनटी पाझरणाऱ्या रणगाडाविरोधी सुरुंगांकडे होता. अडीच वर्षांनी, २० नोव्हेंबर २०१८ ला, जवळच्या सोनेगाव आबाजीला कालबाह्य दारूगोळा नष्ट करायच्या मैदानावर पेट्या उतरवताना स्फोट होऊन सहा जण ठार झाले. बहुतेक आसपासच्या गावांतले रोजंदार. दारूगोळा नष्ट करण्याच्या या साखळीत तज्ज्ञ, फ्यूज, खड्डा, ठिणगी यांच्या आधी एक पायरी असते: ट्रकमधून पेटी खाली घेणं. तिला कुणी बॉम्ब निकामी करणं म्हणत नाही. दक्ष दिघीत तयार झाला, तरी ही पायरी हातांनीच होत राहिली.

नगरजवळच्या के. के. रेंज या लष्कराच्या सराव मैदानाभोवतीच्या गावांतही न फुटलेले गोळे भंगारासाठी उचलताना, फोडताना माणसं मेली आहेत. पितळेला भंगारवाला पैसे देतो, हे त्यांना ठाऊक असतं; गोळ्याचा फ्यूज कोणता, हे नसतं. अशा गावात लष्कराचं पथक नंतर पोचतं, उरलेले गोळे वाळूच्या पोत्यांनी वेढतं, जागच्या जागी उडवून देतं आणि पंचनाम्याचे कागद पोलिसांच्या हाती सोपवून निघून जातं.