पडदा कुठे बांधायचा?

जयंतीला भाड्याने टी.व्ही. आणि व्ही.सी.आर. आणून वस्तीत रात्रभर पिक्चर दाखवायचे, ते दिवस आमच्या पिढीला आठवतात. आयाबाया, पोरेसोरे पुढे गोणपाटावर बसत. गावातली पोरेही येत, पण लांब अंधारात उभी राहून बघत. 'या, बसा' म्हटले की पळत सुटत.

वाचकहो, आज कॅमेरा घरोघरच्या मोबाइलमध्येच आहे. दुभंगलेल्या गावात त्याचे काय करता येते, हे 'व्हिडिओ व्हॉलंटिअर्स' या संस्थेच्या कामात दिसते. २००३ साली सुरू झालेल्या, गोव्यातून चाललेल्या या संस्थेने दलित, आदिवासी, मुस्लिम वस्त्यांतल्या तरुण-तरुणींना चित्रीकरण शिकवले. एरवी शहरातून कुणी येतो, आपली दैना टिपतो आणि जातो. इथे वस्तीतलीच मुलगी प्रश्न विचारते. काही मिनिटांची फिल्म करायची, ती अधिकाऱ्याला दाखवायची, काम झाले की परत जाऊन तेही टिपायचे, अशी साधी रीत.

२०१२ मध्ये या बातमीदारांनी अस्पृश्यतेचे प्रसंग टिपून 'आर्टिकल १७' मोहीम चालवली. संविधानाच्या १७व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, हे आपल्या घरातले पोरही सांगेल. पण सलूनमध्ये आपले केस कापत नाहीत, हे सिद्ध करायला साक्षीदार मिळत नाही. मिळाला तर फुटतो.

याच संस्थेशी जोडलेल्या स्टॅलिन के. यांचा 'इंडिया अनटच्ड' हा माहितीपट २००७ चा. आठ राज्ये फिरून त्यांनी हिंदूंबरोबर शीख, मुस्लिम, ख्रिस्ती समाजात शिरलेली जात दाखवली. दलितांमधल्या आपसातल्या पायऱ्याही दाखवल्या. ते आपल्याला टोचते. टोचू द्यावे.

दोन मुलांनी हात मिळवला की संपली, अशा सलोख्याच्या फिल्मा आम्हाला रुचत नाहीत. यंदा आमच्या गावी वस्तीतली तीन आणि गावातली दोन मुले जुन्या विहिरीवर फिल्म करताहेत. आपल्या आया तिथे घागर घेऊन लांब उभ्या राहत, कुणी वरून ओतेल तेव्हा पाणी. गावातल्या मुलाने स्वतःच्या आजीला त्याबद्दल विचारले. ती आधी म्हणाली, "तसलं काही नव्हतं." मग बराच वेळ गप्प बसली. ते गप्प बसणे ठेवायचे की कापायचे, यावर दोन रात्री भांडण झाले. शेवटी आजीलाच दाखवले. "राहू द्या," म्हणाली.

आता पडद्याचा प्रश्न. विहारासमोर बांधला तर गाव येणार नाही. देवळासमोर बांधला तर आपल्या म्हाताऱ्या पाऊल टाकणार नाहीत, आणि आम्ही त्यांना दोष देणार नाही. मुलांनी शाळेच्या पटांगणासाठी ग्रामपंचायतीकडे अर्ज दिला आहे. अर्जावर पाचही जणांच्या सह्या आहेत.