पट्टा सुटल्यावर

कुत्र्यांच्या अडथळा-शर्यतीच्या, म्हणजे अ‍ॅजिलिटीच्या रिंगणात उतरणाऱ्या माणसाच्या हातात काहीच नसतं. कुत्र्याचा पट्टा सुरुवातीच्या रेषेवर काढून ठेवायचा. धावेत खाऊ चालत नाही, चेंडू चालत नाही. समोर उडीचे आडवे दांडे, बोगदे, उंच फळी, सी-सॉ आणि ओळीनं रोवलेले बारा खांब. त्यांतून कुत्र्यानं नागमोडी निघायचं. अडथळ्यांचा क्रम दर स्पर्धेत नवा आणि तो फक्त माणसाला ठाऊक. हाक, हात, खांदे आणि पाय यांच्या इशाऱ्यांवर वीसेक अडथळे पार करायचे. बहुतेकदा मिनिटभराच्या आत सगळं संपतं.

हा खेळ जन्मला लंडनमध्ये. १९७८ साली ऑलिम्पिया सभागृहात भरलेल्या ‘क्रफ्ट्स’ या श्वानप्रदर्शनात मुख्य कार्यक्रमांमधली रिकामी वेळ भरून काढायला जॉन व्हार्ली आणि पीटर मीनवेल यांनी घोड्यांच्या शो-जंपिंगवरून तो बेतला. लोकांना तो इतका आवडला, की १९९६ पासून त्याची जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही भरू लागली. घोडेस्वाराच्या हातात निदान लगाम असतो. इथे तोही नाही. म्हणून या खेळात कुत्र्याच्या तयारीइतकीच हँडलरच्या, म्हणजे कुत्र्याला धाववणाऱ्या माणसाच्या, मनाची तयारी महत्त्वाची ठरते.

घबराट पोचते कशी?

माणूस घाबरला की कुत्र्याला कळतं, हे कुत्रा पाळणारा कुणीही सांगेल. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये ते तपासून दाखवलं. अवघड तोंडी गणितं घालून लोकांना ताण दिला आणि त्याआधीचे व नंतरचे घामाचे आणि श्वासाचे नमुने कुत्र्यांना हुंगायला दिले. दर दहातल्या नऊहून अधिक वेळा कुत्र्यांनी ताणाचा नमुना अचूक निवडला. स्वीडनच्या लिनशॉपिंग विद्यापीठानं २०१९ मध्ये माणसांच्या आणि त्यांच्या कुत्र्यांच्या केसांतलं कॉर्टिसॉल हे ताणाशी जोडलेलं संप्रेरक मोजलं. मालकाचा दीर्घकाळचा ताण वाढलेला, तर कुत्र्याचाही वाढलेला आढळला. आणि स्पर्धेत उतरणाऱ्या जोड्यांत हे नातं अधिक घट्ट होतं.

ताणाप्रमाणे माणसाचा समजही झिरपतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेनं २०११ मध्ये वासावरून शोध घेणारे कुत्रे आणि त्यांचे हँडलर अशा १८ जोड्या एका चर्चमध्ये नेल्या. तिथे अमली पदार्थ किंवा स्फोटकं लपवलेलीच नव्हती, पण हँडलरना ती असू शकतात असं सांगितलं होतं. १४४ शोधांपैकी जेमतेम २१ शोध निर्दोष निघाले. बाकी सगळ्यांत ‘सापडलं’ असा इशारा नोंदला गेला. जिथे खुणेचा कागद चिकटवून हँडलरचा समज पक्का केला होता, तिथे असे इशारे जास्त. आपल्या पोलिसांच्या श्वान पथकांतल्या हँडलरनीही ध्यानात ठेवावा असा हा प्रयोग आहे.

मग उसनं अवसान आणून काय उपयोग? घामाचा वास लपवता येत नाही. पण कुत्रा धावेत वळतो तो मुख्यतः आपल्या हालचाली बघून, आणि घबराट नेमक्या त्याच बिघडवते. पावलं आखडतात, हात क्षणभर उशिरा उठतो, आवाज चढतो, एकच आज्ञा तीनदा दिली जाते. तोवर कुत्रा आधीच्या इशाऱ्यावर भलत्याच बोगद्यात शिरलेला असतो आणि जोडी बाद होते. बाहेरून बघणारा म्हणतो, कुत्र्यानं ऐकलं नाही. खरं तर त्यानं जे दिसलं ते तंतोतंत ऐकलेलं असतं. त्यामुळे धडधड थांबवण्यापेक्षा, छाती धडधडत असतानाही पाय आणि हात वेळेवर चालतील अशी तयारी करणं जास्त फायद्याचं.

नेमबाजाचा धडा

या तयारीची एक पद्धत नेमबाजीतून आली. अमेरिकेचा लॅनी बॅशम १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये रौप्यपदकावर थांबला. मग सुवर्णपदक जिंकणारे नेमके काय विचार करतात, हे त्यानं त्यांनाच विचारत फिरून समजून घेतलं आणि १९७६ मध्ये माँट्रियलला सुवर्ण जिंकलं. प्रकार होता ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स. याच प्रकारात कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य मिळवलं. बॅशमचं म्हणणं असं, की जागं मन एका वेळी एकच गोष्ट धरू शकतं. तेव्हा त्याला ठरलेलं काम द्या, म्हणजे निकालाच्या विचाराला जागा उरत नाही. अमेरिकेतल्या श्वानक्रीडेतही त्याची पद्धत चांगलीच रुजली.

अ‍ॅजिलिटीत ते काम मार्ग पाहण्याच्या फेरीपासून सुरू होतं. धावेआधी काही मिनिटं कुत्र्याविना रिंगणात फिरायला मिळतं. नवखा माणूस अडथळ्यांचे आकडे पाठ करतो. मुरलेला हँडलर पाहतो, की कुत्रा चौथी उडी घेऊन खाली येईल तेव्हा माझे पाय कुठे असतील. मग बाहेर येऊन डोळे मिटून, हातवारे करत तीच धाव मनात पळतो. रेषेवर जाण्याआधीचा क्रमही ठरलेला: कुत्र्याचं अंग मोकळं करणं, एक लांब उच्छ्वास, पहिला इशारा. ‘जिंकायचं’ हे उद्दिष्ट आपल्या हातात नसतं; ‘बोगद्यानंतर माझं वळण वेळेत’ हे असतं.

धडधडीला नवं नाव दिलं तरी फरक पडतो. हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये दाखवलं, की गाण्याआधी ‘मला हुरूप आलाय’ असं मोठ्यानं म्हणणारे लोक ‘मी घाबरलोय’ म्हणणाऱ्यांपेक्षा सुरात गायले. सरावातही दडपण मुद्दाम आणावं: अनोळखी मैदान, बघणारे लोक, एकच संधी. ब्रिटनमध्ये तर स्पर्धेच्या रिंगणातच, गुण न घेता, खेळणं घेऊन सराव करायची सोय आहे. आणि वहीत आधी काय जमलं ते लिहावं, मग काय सुधारायचं ते. आत्मविश्वासाला पुरावा लागतो; तो असा पानापानांनी साठतो.

खरी कसोटी बाद झाल्यावर. टेक्सासमध्ये अ‍ॅजिलिटी स्पर्धेत झालेल्या २००६ च्या एका अभ्यासात दिसलं, की हरलेले काही पुरुष कुत्र्यावर ओरडले, त्याला ढकललं, आणि त्या कुत्र्यांचा ताण वाढला. जाणते हँडलर पंचांची खूण दिसल्यावरही, नियमात बसत असेल तर, उरलेले अडथळे त्याच उत्साहानं पूर्ण करतात आणि बाहेर येताच कुत्र्याला ठरलेलं बक्षीस देतात. गुणपत्रिकेवर त्या धावेची किंमत शून्य असते; पुढच्या स्पर्धेत कुत्रा किती मोकळा धावतो, ते मात्र बरंचसं तिथेच ठरतं.