जाहिरातखोरांना घराबाहेर काढू या!

मैत्रिणींनो, घरातला कॉम्प्युटर हल्ली फक्त मुलांचा किंवा 'ह्यांचा' राहिलेला नाही. लेकीच्या शिष्यवृत्तीचा महाडीबीटीवरचा अर्ज, सीईटीचा फॉर्म, विजेचं बिल, बचत गटाचा हिशेब, ब्लाउजच्या नव्या डिझाइन... दुपारी सगळे बाहेर पडले की त्याच्यासमोर आपणच बसतो. आणि एखाद्या दिवशी काहीतरी विचित्र घडायला लागतं. गूगलवर शोधायला जावं तर भलतंच कुठलं तरी पान उघडतं. पाककृती वाचताना मधेच लॉटरी लागल्याची जाहिरात येते. कोपऱ्यातून 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस आहेत' असं कुणीतरी ओरडायला लागतं. सुरुवातीचं पान आपोआप बदललेलं असतं.

मग घरातला पहिला प्रश्न ठरलेला, "तू काय दाबलंस?"

मला विचाराल तर त्या जाहिरातींपेक्षा हा प्रश्न जास्त नुकसान करतो. गटाच्या कामानिमित्त छत्रपती संभाजीनगरच्या सिडको-हडकोपासून पैठण, कन्नडपर्यंत अनेक जणी भेटतात. एमएस-सीआयटी करून हौसेने माउस हातात घेतलेल्या बाया अशा एका प्रसंगानंतर कॉम्प्युटरपासून लांब झालेल्या मी पाहिल्या आहेत. "नको बाई, परत काही बिघडलं तर?" असं म्हणून साध्या अर्जासाठी पुन्हा कुणाच्या तरी मागे लागतात. म्हणून आज हा विषय घेतला. यात गुन्हा आपला नाही, आणि उपायही आपल्या हातातला आहे.

आधी हे प्रकरण काय आहे ते पाहू. इंटरनेट ज्या खिडकीतून दिसतं तो ब्राउझर. क्रोम, एज, फायरफॉक्स ही त्यांची नावं. मिक्सरला जसं ज्यूसरचं भांडं वरून जोडता येतं, तशी ब्राउझरला जोडायची छोटी साधनं असतात. त्यांना एक्स्टेन्शन म्हणतात. शब्दांचे अर्थ सांगणारी, जाहिराती अडवणारी अशी कितीतरी चांगली एक्स्टेन्शन्स आहेत. पण काही निव्वळ जाहिराती घुसवण्यासाठीच बनवलेली असतात. त्यांना अ‍ॅडवेअर म्हणतात, मी आपलं 'जाहिरातखोर' म्हणते.

हे नेमकं काय करतं, ते आपल्या शहराच्या उदाहरणाने सांगते. पाणचक्कीला पाणी कुठून येतं? दूरच्या झऱ्यापासून जमिनीखालच्या नहरीतून. पाहायला येणाऱ्याला पडणारं पाणी दिसतं, मधली नहर दिसत नाही. आता त्या नहरीत मधेच कुणी काही मिसळलं तर? झरा स्वच्छ, हौद स्वच्छ, तरी पाणी खराबच येणार! जाहिरातखोर एक्स्टेन्शन असंच मधे बसतं. वेबसाइट खरी असते, कॉम्प्युटरही ठीक असतो, पण पान आपल्यापर्यंत येता येता त्यात जाहिराती मिसळल्या जातात. आणि ही परवानगी आपल्याकडूनच घेतलेली असते. एक्स्टेन्शन जोडताना 'सर्व वेबसाइटवरचा तुमचा डेटा वाचणे आणि बदलणे' अशा अर्थाची एक ओळ दिसते. घाईत आपण 'हो' म्हणतो. ती ओळ म्हणजे घराची किल्ली आहे, हे कुणी सांगितलेलंच नसतं.

यातून त्यांना मिळतं काय? पैसे. प्रत्येक क्लिकमागे थोडे थोडे. एका घरातून मिळणारी रक्कम चिल्लरच, पण लाखो घरांतून गोळा केली की मोठा धंदा होतो. म्हणूनच फसवण्याची कलाही तितकीच तयार असते.

आता 'तू काय दाबलंस' म्हणणाऱ्यांना ऐकवायच्या तीन गोष्टी.

फेब्रुवारी २०२० मध्ये गूगलने पाचशेहून जास्त एक्स्टेन्शन्स क्रोमच्या स्वतःच्या दुकानातून काढून टाकली. ही साखळी पहिल्यांदा शोधून काढली ती जमिला काया या संशोधक महिलेने. मग ड्युओ सिक्युरिटी या कंपनीबरोबर तिने तपास वाढवला आणि सतरा लाख लोकांना झळ बसल्याचं दिसून आलं. म्हणजे ज्या दुकानाला आपण अधिकृत समजतो, तिथेच हा माल मांडलेला होता!

त्याच वर्षी जुलैमध्ये आपल्या केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेनेही लोकांना सावध केलं. तेव्हा शंभराहून अधिक घातक एक्स्टेन्शन्स हटवली गेली होती. काही 'फाइल बदलून देतो' म्हणत होती, काही चक्क 'आम्ही सुरक्षा तपासतो' म्हणत होती. प्रत्यक्षात ती स्क्रीनचे फोटो काढू शकत होती, आपण काय टाइप करतो तेही टिपू शकत होती.

तिसरी गोष्ट तर फारच बोलकी. 'द ग्रेट सस्पेंडर' नावाचं एक्स्टेन्शन चांगलं म्हणून वीस लाखांवर लोकांनी घेतलं होतं. २०२० मध्ये मूळ मालकाने ते दुसऱ्याला विकलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये घातक म्हणून गूगलला ते बंद करावं लागलं. दुकानाची पाटी तीच, आतला मालक बदललेला. घेणाऱ्याला काय कळणार?

लाखो लोक फसले, त्यात शिकलेसवरलेलेही होते. तेव्हा मान खाली घालायचं काहीच कारण नाही.

आपल्या घरात हे शिरतं कुठून, हे मात्र समजून घ्यायला हवं. मला दिसलेलं मोठं दार म्हणजे ऑनलाइन फॉर्म! फोटो इतक्या केबीचाच हवा, सही तितक्याच केबीची हवी, कागदपत्रं पीडीएफमध्येच हवीत. शेवटची तारीख उद्यावर आलेली. मग आपण गूगलवर शोधतो, 'फोटो लहान करणे'. समोर येतं भलं मोठं हिरवं 'डाउनलोड'चं बटण. खरं बटण असतं खाली, बारीक अक्षरात. हिरवं असते जाहिरात!

खरं तर या कामांना बाहेरचं काही लागतच नाही. विंडोजमध्ये पेंट आहे, त्यात फोटो उघडून 'रिसाइज' करता येतो. वर्डमधला अर्ज 'सेव्ह अ‍ॅज'मध्ये जाऊन पीडीएफ करता येतो. वेबसाइटवरचं पान हवं असेल तर 'प्रिंट' म्हणून प्रिंटरच्या जागी 'सेव्ह अ‍ॅज पीडीएफ' निवडायचं. मराठी टाइप करायला विंडोज १० आणि ११ मध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड आहेच, भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन जोडून घ्यायचा. घरात कोथिंबीर असताना बाजारात कशाला जायचं?

दुसरं दार म्हणजे 'नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट'. फुकटचं सॉफ्टवेअर टाकताना मधल्या एखाद्या पानावर आधीच टिकमार्क केलेला चौकोन असतो. त्यातून दुसरंच काहीतरी आत येतं. 'रेकमेंडेड'ऐवजी 'कस्टम' निवडा आणि नको ते टिकमार्क काढा. तिसरं दार 'अलाउ'चं. 'व्हिडिओ पाहण्यासाठी अलाउ दाबा' म्हणणाऱ्या साइटला आपण नोटिफिकेशनची परवानगी देऊन बसतो. मग ती कोपऱ्यातून दिवसभर बडबडत राहते.

आता साफसफाई. पदर खोचा, अर्ध्या तासाचं काम आहे!

सुरुवात विंडोजपासून. सेटिंग्जमध्ये 'अ‍ॅप्स'मध्ये जाऊन यादी तारखेप्रमाणे लावा. त्रास सुरू झाला त्या दिवसांत आलेलं, आपण न मागितलेलं काही असेल तर नाव नीट वाचून अनइन्स्टॉल करा. नाव ओळखीचं नसेल तर आधी चौकशी करा, कारण प्रिंटरसारख्या कामाच्या गोष्टीही त्याच यादीत असतात.

मग ब्राउझर. क्रोममध्ये उजव्या कोपऱ्यात तीन टिंबं असतात. त्यात 'एक्स्टेन्शन्स' आणि पुढे 'मॅनेज एक्स्टेन्शन्स'. एजमध्येही असंच. फायरफॉक्समध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि ए ही तीन बटणं एकदम दाबली की यादी येते. ज्याचं काम काय ते सांगता येत नाही, ते 'रिमूव्ह' करा. कोणतं दोषी ते कळत नसेल तर? अंगावर पित्त उठलं की आपण एकेक पदार्थ बंद करून पाहतो ना, तसंच करायचं. सगळी एक्स्टेन्शन्स बंद करा, मग एकेक सुरू करून पाहा. जाहिराती परत आल्या की चोर सापडला.

नंतर सेटिंग्जमध्ये सर्च इंजिन आणि सुरुवातीचं पान आपलं आहे का पाहा. 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'च्या 'साइट सेटिंग्ज'मध्ये 'नोटिफिकेशन्स' उघडून अनोळखी साइट काढून टाका. एवढ्यानेही भागलं नाही तर क्रोममध्ये 'रीसेट सेटिंग्ज' आहे. त्याने एक्स्टेन्शन्स बंद पडतात, पण बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड जात नाहीत. मग विंडोजमधल्या डिफेंडरकडून पूर्ण तपासणी करून घ्या. सर्ट-इनच्या 'सायबर स्वच्छता केंद्रा'च्या वेबसाइटवरही कॉम्प्युटर साफ करायची साधनं मोफत मिळतात. हे केंद्र २०१७ मध्ये सुरू झालं.

कधी एक्स्टेन्शनपुढचं 'रिमूव्ह'चं बटणच चालत नाही आणि 'तुमचा ब्राउझर संस्थेकडून नियंत्रित आहे' अशा अर्थाची ओळ दिसते. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर हे ठीक. काही वेळा अँटिव्हायरसमुळेही ती ओळ येते. पण घरच्या कॉम्प्युटरवर त्याच्या जोडीला जाहिराती येत असतील, तर मात्र माहितगाराला बोलवा.

आणि बोलवाल तेव्हा एक लक्षात ठेवा. बरेचदा पहिलं उत्तर मिळतं, "फॉरमॅट मारावा लागेल." आमच्या गटातल्या एका शिवणकाम करणाऱ्या ताईंचं असंच झालं. दुकानदाराने पैसे घेऊन फॉरमॅट मारला. गिऱ्हाइकांच्या मापांची फाइल गेली, नातवाच्या बारशाचे फोटो गेले. आणि चार दिवसांत जाहिराती परत हजर! घरात सगळे कॉलेजातल्या लेकीवर घसरले, "तूच काहीतरी डाउनलोड केलंस." ती बिचारी रडकुंडीला आली. खरं कारण वेगळंच होतं. क्रोममध्ये आपल्या खात्याने आत गेलं आणि 'सिंक' चालू असलं, की जुनी एक्स्टेन्शन्स खात्याबरोबर परत येतात. फॉरमॅटने कॉम्प्युटर धुतला गेला, खातं तसंच राहिलं. यादीत जाऊन ते एक्स्टेन्शन ताईंनी स्वतःच्या हाताने काढलं, तेव्हा कुठे पीडा गेली. दोन मिनिटं लागली. फोटो मात्र परत आले नाहीत. म्हणून फॉरमॅट हा शेवटचा उपाय, आणि त्याआधी फोटो, फाइल पेनड्राइव्हवर घ्यायच्याच.

साफसफाई झाली की महत्त्वाचे पासवर्ड बदलून टाका, बँकेचा आणि ईमेलचा आधी. कारण जे पान बदलू शकतं, ते वाचूही शकतं.

एक युक्ती मला फार आवडते. देवाची भांडी आपण वेगळी ठेवतो ना? तसा बँकेच्या आणि सरकारी कामासाठी एक ब्राउझर वेगळा ठेवा. त्यात एकही एक्स्टेन्शन जोडायचं नाही, गाणी-सिनेमा त्यात लावायचा नाही. मुलांसाठी दुसरा ब्राउझर. बँकेचा पत्ता स्वतः टाइप करा. कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नका, पासबुकावरून किंवा एटीएम कार्डाच्या मागून घ्या. बिघडलेल्या ब्राउझरमध्ये शोधाच्या यादीत पहिला नंबर चोराचाही असू शकतो.

'व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा' असं पान आलं, भोंगा वाजला, तरी फोन करायचा नाही. ते पान आहे, पोलीस नाही! आल्ट आणि एफ-४ दाबून खिडकी बंद करा. तरीही कधी पैसे गेलेच, तर लाज बाळगून गप्प बसू नका. लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर तक्रार, तितकी पैसे पुढे जाण्याआधी अडवले जाण्याची शक्यता जास्त.

डब्यातल्या डाळींना आपण अधूनमधून ऊन दाखवतो, कारण पोरकिडा कधी होईल सांगता येत नाही. महिन्यातून एकदा ब्राउझरची यादीही तशीच उघडून पाहू या. आणि शेजारणीच्या घरी असं काही झालं, तर "काय दाबलंस?" असं विचारू नका. "चल, यादी उघड, दोघी मिळून बघू," एवढंच म्हणा.