बारा आठवड्यांची खुर्ची

“दादा, फोन चालू असताना मराठीत काही पुटपुटू नकोस, मला हसू येतं,” असं बजावून माझी मामेबहीण हेडसेट कानावर चढवते. ऑक्टोबर २०२४, मंगळवार, सकाळचे साडेनऊ. लंडनमधल्या मूरगेट स्टेशनजवळ, तिसऱ्या मजल्यावरचं हे भरती संस्थेचं ऑफिस. बँकांना आणि गुंतवणूक कंपन्यांना कम्प्लायन्सची, म्हणजे नियमपालन सांभाळणारी माणसं शोधून देणं, एवढंच इथलं काम. प्रत्येक टेबलावर दोन-दोन स्क्रीन. भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर कंपन्यांची नावं नाहीत, नुसत्या जागा लिहिल्यात: एसएमएफ १६, एसएमएफ १७, पुन्हा १७, त्याखाली आणखी एक १७.

सोळा म्हणजे कम्प्लायन्सचा प्रमुख. सतरा म्हणजे एमएलआरओ: काळ्या पैशाचा संशय आला की तो वर कळवायची जबाबदारी ज्याच्या नावावर असते तो. या खुर्च्यांवर कुणाला बसवायचं हे कंपनीनं ठरवून भागत नाही, एफसीए या नियामकाची मंजुरी लागते. शिवाय २०१६ पासून बँकांत आणि डिसेंबर २०१९ पासून बहुतेक इतर वित्तसंस्थांत अशा प्रत्येक वरिष्ठाची जबाबदारी त्याच्या नावानिशी कागदावर मांडावी लागते. २००८ च्या आर्थिक पडझडीनंतर जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवत होता, त्यावरचा हा उतारा.

आताचा फोन मेफेअरमधल्या एका छोट्या फंड कंपनीचा आहे. मला एकच बाजू ऐकू येते.

“नाही, सहा आठवड्यांत कुणी सुटत नाही. या पातळीवर नोटीसच तीन महिन्यांची असते... हो, आणि अर्जावर निर्णय द्यायला एफसीएला कायद्यानं तीन महिने आहेत... नाही, ओळखीनं लवकर होत नाही.”

त्यांचा सतरा अचानक सोडून गेलाय. अशा वेळी मंजुरीशिवाय दुसऱ्याला बसवता येतं, पण फक्त बारा आठवडे. त्यातले चार संपले. सध्या त्या खुर्चीत हिशेबखात्याचा प्रमुख बसलाय आणि त्याला रात्री झोप लागत नाही म्हणे. आवाज बंद करून बहीण माझ्याकडे वळते. “यांना कडक माणूस हवाय. पण धंद्याला न अडवणारा. दिवसातून चारदा ऐकते मी हे.”

फोन ठेवल्याबरोबर ती एफसीएचं रजिस्टर उघडते. ते कुणालाही फुकट पाहता येतं. कोण कुठल्या कंपनीत, कुठल्या मंजूर पदावर, कधीपासून कधीपर्यंत, सगळं तारखांसकट. बायोडेटा ती नंतर वाचते. एका नावावर तिचं बोट थांबतं: अकरा महिन्यांत पद सोडलंय. “याचं कारण जेवणाच्या टेबलावर कळेल, ईमेलवर नाही.” तरी पुढे कागदावरही विचारावं लागणारच. मागच्या सहा वर्षांतल्या प्रत्येक मालकाकडून ठरावीक नमुन्यातलं नियामक शिफारसपत्र येतं आणि गैरवर्तनाची नोंद असेल तर ती त्यात लपवता येत नाही.

दहा वाजून गेल्यावर ठरलेला फोन येतो. उमेदवार बाई कॅनरी वॉर्फमधल्या एका बँकेत सतराच्या उपप्रमुख आहेत. पंधरा वर्षांचा अनुभव, पण स्वतःचं नाव अजून रजिस्टरवर नाही. पहिल्यांदाच पुढे यायचंय आणि नेमकी तिथंच त्या घुटमळतायत. त्यांना भित्रं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. काळ्या पैशाविरुद्धच्या २००२ च्या कायद्याप्रमाणे संशय असूनही कळवलं नाही तर या पदावरच्या माणसाला पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. व्यवहाराला परवानगी मागत नॅशनल क्राइम एजन्सीला कळवलं, तर तो सात कामकाजी दिवसांपर्यंत अडकून पडतो आणि का अडकला ते ग्राहकाला सांगायचीही चोरी. तेवढे दिवस विक्रीखात्याचा माणूस टेबलासमोर उभा. २०१६ मध्ये इथल्या सोनाली बँक (यूके) या कंपनीला दंड झाला, तेव्हा तिच्या माजी एमएलआरओलाही १७,९०० पौंड वेगळे भरावे लागले आणि तसलं पद पुन्हा घ्यायला बंदी झाली. याच महिन्याच्या सुरुवातीला स्टार्लिंग बँकेला सुमारे २ कोटी ९० लाख पौंडांचा दंड झाल्याची बातमी आली. “दंडाची बातमी आली की पुढचा पंधरवडा आमचा,” बहीण म्हणाली होती. नफ्यात वाटा नाही, दंडात मात्र नावानिशी. मी असतो तर उपप्रमुखच राहिलो असतो.

मुलाखत कोण कुणाची घेतंय ते आता कळेनासं होतं. बाई विचारतात आणि बहीण वहीत उतरवते. आधीचा का गेला? संशयास्पद व्यवहारांचे न तपासलेले अलर्ट किती साठलेत? टीम किती?

“दीड,” बहीण सांगते. “एक पूर्णवेळ, एक आठवड्यातून अडीच दिवस.”

पलीकडून बराच वेळ काही येत नाही. मग शेवटची अट येते आणि बहीण तिच्याखाली दोन रेघा ओढते: बोर्डापुढे थेट जाता आलं पाहिजे, हिशेबखात्यामार्फत नाही, आणि तसं करारात लिहून द्या. मागणी अवाजवी नाही. एमएलआरओला पुरेसा अधिकार, स्वातंत्र्य आणि साधनं हवीत, असं एफसीएच्या नियमपुस्तकातच आहे.

मेफेअरला पुन्हा फोन. ते लगेच पगार वाढवायला तयार होतात.

“पगाराचं त्यांनी काढलंच नाही. बोर्डाचं काय?... बरं, विचारून सांगा.”

“देतील?” मी न राहवून मराठीत विचारतो.

“दहावा आठवडा उजाडला की देतील.” तोवर साठलेले अलर्ट तरी उपसायला हवेत, म्हणून ती रोजानं काम करणाऱ्यांची यादी काढते आणि पहिला नंबर फिरवते. कंपनी कशी, काम काय, रोज किती, एका दमात सांगून होतं. मग ती थोडा वेळ ऐकते.

“आधीचा का गेला? तेच शोधतेय. सकाळपासून विचारणाऱ्या तुम्ही दुसऱ्या.”