कार्बोरेटर बसवण्याचे नाही, जुळवण्याचे पैसे मागा

गॅरेज किंवा स्पेअर पार्टचं दुकान टाकायचं म्हणणारी बरीच मुलं मला विचारतात, "सर, जुन्या गाड्यांच्या कामात पैसा आहे का?" आहे. पण काम हातात घेण्याआधी ते नेमकं काय आहे हे समजलं पाहिजे. आज एकच काम घेऊ: जुन्या जीपला किंवा ट्रकला दुसऱ्या इंजिनाचा कार्बोरेटर बसवणे.

आपल्या मावळात अशा गाड्या अजून दिसतात. लोणावळ्यात बंगल्याच्या शेडमध्ये, पवना धरणाकडे फार्महाऊसवर एखादी जुनी महिंद्रा जीप ताडपत्रीखाली उभी असते. डिझेल स्वस्त होतं त्या काळात कित्येक जीपांची पेट्रोल इंजिनं काढून डिझेल बसवली गेली. आता हौशी मालकांना परत पेट्रोल हवंय. इंजिन कुठून तरी मिळतं, पण त्याचा मूळ कार्बोरेटर हरवलेला किंवा झिजलेला असतो. मग कुणीतरी सांगतं, "अरे, मारुतीचा टाक!"

सीसी सारखी, तरी श्वास वेगळा

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला 'गो-डेव्हिल' इंजिन होतं. २१९९ सीसी, ६० हॉर्सपॉवर. १९५३ च्या सीजे-३बी जीपला 'हरिकेन' आलं. सीसी तीच, २१९९. पण ताकद सत्तरच्या वर गेली. का? गो-डेव्हिलमध्ये दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये आहेत. हरिकेनमध्ये इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेला आणि इंजिन जास्त हवा ओढू लागलं. इंजिन उंच झालं म्हणून त्या जीपचं बॉनेटही उंच करावं लागलं. महिंद्राने हीच सीजे-३बी आपल्याकडे बरीच वर्षं बनवली, आणि एफसी-१५० ट्रकमध्येही हरिकेनच होतं.

या दोन इंजिनांचे कार्बोरेटर वेगळे होते. गो-डेव्हिलला कार्टर डब्ल्यूओ, हरिकेनला कार्टर वायएफ. म्हणजे सीसी जुळली म्हणून कार्बोरेटर जुळत नाही. इंजिन मिनिटाला हवा किती ओढतं, ते बघायचं.

हिशोब सोपा आहे. फोर स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या सीसीएवढी हवा भरतं. सीसी गुणिले आरपीएम, भागिले दोन. प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नाही, पण तुलनेसाठी एवढं पुरे.

- जीप, २१९९ सीसी, ४००० आरपीएम: मिनिटाला सुमारे ४४०० लिटर
- मारुती ८००, ७९६ सीसी, ५५०० आरपीएम: सुमारे २२०० लिटर
- अँबेसेडर, १४८९ सीसी, ४२०० आरपीएम: सुमारे ३१०० लिटर
- जिप्सी, १२९८ सीसी, ६००० आरपीएम: सुमारे ३९०० लिटर

मारुती ८०० चा कार्बोरेटर जीपच्या निम्म्या हवेसाठी बनलाय. जीप चालू होईल, आयडलिंगला छान वाजेल, गिऱ्हाईक खूश होऊन जाईल. आणि खंडाळ्याच्या चढावर तिचा दम कोंडेल. जुन्या जिप्सीचा कार्बोरेटर हवेच्या हिशोबात जवळ येतो, पण त्यातले जेट जिप्सीच्या इंजिनासाठी आहेत. ते आपल्याला बदलावेच लागतात.

बसवताना काय बघायचं

बोल्टची भोकं जुळत नाहीत म्हणून मधे ॲल्युमिनियमची प्लेट लागते. ती लेथवाल्याकडून नीट सपाट करून घ्या. प्लेटच्या भोकाला आत पायरी राहू देऊ नका, उतार द्या. दोन्ही बाजूंना पॅकिंग टाका. इथून हवा शिरली तर पुढचं सगळं ट्युनिंग वाया जातं.

फ्लोट चेंबर शक्यतो गाडीच्या पुढच्या बाजूला यावा. तो मागे गेला तर घाट चढताना चेंबर खाली राहतो आणि नेमकं गरजेच्या वेळी पेट्रोल कमी पडतं.

ॲक्सिलरेटर पूर्ण उघडतो का आणि पाय काढल्यावर पूर्ण बंद होतो का, दोन्ही तपासा. रिटर्न स्प्रिंग दोन लावा. घाटात थ्रॉटल अडकला तर प्रश्न जिवाचा आहे. पेट्रोलच्या कामाला अग्निशामक सिलिंडर हाताशी हवाच.

लोणावळ्याची हवा आणि आजचं पेट्रोल

लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंच आहे. इथली हवा मुंबईपेक्षा अंदाजे ६ टक्के विरळ. कार्बोरेटरला हे आपोआप कळत नाही, त्यामुळे मिश्रण थोडं, साधारण ३ टक्के, रिच होतं.

उलट बाजूला आहे पेट्रोल. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं ई-२० मिळतं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, म्हणून तेवढ्याच हवेला वजनाने साधारण ७-८ टक्के जास्त इंधन लागतं. जुना जेट तसाच ठेवला तर मिश्रण लीन होतं. लोणावळ्यात यातलं थोडं भरून निघतं. गाडी पनवेलला उतरली की निघत नाही. मग प्लग पांढरे पडतात, इंजिन तापतं, कार्बोरेटरमधून फटाके वाजतात. म्हणून एकदा खोपोलीत खाली आणि एकदा खंडाळ्यात वर प्लग काढून रंग बघा. काळी काजळी म्हणजे रिच, पांढरा म्हणजे लीन, फिकट तपकिरी म्हणजे बरोबर. पेट्रोलचे जुने रबरी पाइपही बदला, इथेनॉल त्यांना खातं.

ट्युनिंगचा क्रम पक्का ठेवा: आधी फ्लोट लेव्हल, मग आयडलिंग, मग मेन जेट, शेवटी पिकअपचा पंप. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा.

आता पैशाचं बोलू

समजा गॅरेजचं भाडं १२,०००, हेल्पर १४,०००, लाइटबिल आणि किरकोळ ४,०००, तुमचा पगार २५,०००. महिन्याला ५५,०००. दुकान २०० तास उघडं असलं तरी बिल लागेल असे तास १२० धरा. तासाला खर्च झाला सुमारे ४६० रुपये.

कार्बोरेटर गिऱ्हाइकाने आणलाय. तपासणीला दीड तास, बसवायला साडेतीन, जुळवायला चार. एकूण नऊ तास, म्हणजे ४,१४० रुपये. प्लेट, जेट, पॅकिंग, पाइप यांचे २,२०० धरा. झाले ६,३४०. त्यावर १५ टक्के नफा धरला की कोटेशन साधारण ७,३०० चं होतं.

बरेच जण काय करतात? "फिटिंगचे तीन हजार द्या साहेब." सामान वजा जाता उरले ८००. नऊ तासांना भागा, तासाला ८९ रुपये. शिवाय गिऱ्हाईक चार वेळा परत येणार ते वेगळंच.

म्हणून कोटेशनमध्ये तीन ओळी वेगळ्या लिहा: तपासणी, बसवणी, जुळवणी. तपासणीचे पैसे आधी घ्या. कार्बोरेटर त्या इंजिनाला योग्य नसेल तर तिथेच स्पष्ट सांगा आणि काम सोडा. दीड तासाचे पैसे मिळाले, नाव वाचलं.

आणि तपासणीतच आरसी मागा. इंजिन बदललेलं असेल तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे ते आरटीओत नोंदवलेलं लागतं. आरसीवरचा इंजिन नंबर आणि ब्लॉकवरचा नंबर जुळत नसेल, तर आधी कागद, मग पाना.

गाडी देताना एक कागद द्या: कोणता जेट, फ्लोट लेव्हल किती, प्लगचा रंग कसा, तारीख. पुढच्या वेळी तीच गाडी आली की तुमचा अर्धा वेळ वाचेल. आणि दुसऱ्या जीपवाल्याला तो कागद दाखवला जाईल तेव्हा तुमच्या रेटवर घासाघीस कमी होईल.

या आठवड्यात एवढंच करा: वही घ्या, स्वतःच्या गॅरेजचा तासाचा खर्च काढा. तो आकडा माहीत झाल्याशिवाय पुढचं कोटेशन देऊ नका.