एक वेळचे काम, नेहमीचे काम

मुलांनो, दुकानांच्या काचा पुसणारा माणूस तुम्ही पाहिला असेल. समजा, तो एका दुकानातून ५० रुपये घेतो आणि तेवढ्याच काचांचे दुसऱ्या दुकानातून २०० रुपये मागतो. ही लबाडी आहे का? चला, हिशेब करून पाहू.

पहिल्या दुकानात तो दर आठवड्याला जातो. काचांवर फक्त सात दिवसांची धूळ असते. २० मिनिटांत काम होते. त्याच गल्लीत त्याची आणखी चार गिऱ्हाइके आहेत. म्हणून जाण्यायेण्याचा खर्च वाटला जातो.

दुसऱ्या दुकानाच्या काचा वर्षभर पुसलेल्या नाहीत. रंगाचे डाग आणि चिकटलेले कागद भिजवून खरवडायला एक तास लागतो. वेळ तिप्पट, म्हणून मजुरी १५० रुपये. जाण्यायेण्याचे व जादा साबणाचे ५० रुपये. झाले २०० रुपये!

नेहमीचे गिऱ्हाईक ५२ आठवड्यांत २,६०० रुपये देते. म्हणून त्याला सवलत द्यावी. पण मजुरीच बुडेल इतकी नको. भाव मात्र काम सुरू करण्यापूर्वीच सांगावा. मागाहून भाव वाढवला, तर गिऱ्हाईक तुटते.

यापुढे कोणाची मजुरी जास्त वाटली, तर घासाघीस करण्याआधी विचारा, "या कामाला वेळ किती लागतो?"